चिटबॉय

गावात आजही मला चिटबॉय म्हणतात. नोकरी केली ती दोनच हंगाम, १९७७-७८ चा आणि १९७८-७९ चा. त्याला आता पंचेचाळीस वर्षं उलटून गेली. त्यानंतर मी नांगर धरला, इंजिन फिरवलं, ऊस लावला, तो पुरात घालवला, सोसायटीचं कर्ज काढलं, फेडलं, दोन पोरींची लग्नं केली. पण नाव काही सुटलं नाही. एस.टी.तून उतरून कुणी "चिटबॉयचं घर कुठलं?" म्हणून विचारलं तर शेंबडं पोरही बोट दाखवतं. माझं खरं नाव सांगितलं तर दोन-चार घरं हिंडावं लागेल.

शहरातल्या लोकांना हा हुद्दा ठाऊक नसतो, म्हणून सांगतो. साखर कारखान्याच्या शेती खात्यात सगळ्यात खालचा माणूस म्हणजे चिटबॉय. काही भागात त्याला स्लिपबॉय म्हणतात. ऊस लावला की शेतकरी कारखान्याकडं नोंद करतो. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख. त्या तारखेच्या क्रमानं ऊस तुटावा असा नियम. आधी आडसाली, मग पूर्वहंगामी, मग सुरू. पाळी आली की चिटबॉयनं टोळीला फड दाखवायचा, तोड लावून द्यायची आणि गाडी भरली की चिठ्ठी फाडून गाडीवानाच्या हातात द्यायची. चिठ्ठीशिवाय गाडी काट्यावर जात नाही. काट्यावर गेली नाही तर वर्ष-दीड वर्ष सांभाळलेला ऊस म्हणजे नुसती वैरण. चिटबॉयला अधिकार कसलाच नसतो. त्याच्याकडं पेन असतो, एवढंच.

आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगली जिल्ह्यातलं. १९७७ साली मी दहावी झालो. दहावीची एस.एस.सी. सुरू होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती, त्याआधी अकरावीला मॅट्रिक असायची. त्यामुळं गावातली जुनी माणसं आम्हाला अर्धी मॅट्रिक म्हणायची. वर्गातले आम्ही पाचजण पास झालो. एकानं डी.एड.चा फॉर्म भरला, तेव्हा दहावीवर मास्तर होता येत होतं. एक पोलिसात गेला. एक कराडला कॉलेजात. राहिलो मी आणि माझा बाकावरचा जोडीदार.

माझ्यापुढं तीन वाटा होत्या. मामा मुंबईत गिरणीत होता, लालबागला खोलीवर राहायचा. त्याचं पत्र आलं, "पोराला धाडून द्या, बदलीवर लावतो." दुसरी वाट आबांची, म्हणजे वडिलांची. जमीन अडीच एकर, त्यातली दीड एकर पाण्याखाली. आणि तिसरी ही कारखान्याची. गावातला एक ओळखीचा माणूस शेती खात्यात होता, त्यानं आबांना सांगितलं होतं की हंगामापुरती पोरं घेणार आहेत, अक्षर बरं असलेली.

त्या रात्री जेवताना चर्चा झाली. चर्चा म्हणजे काय, आबा बोलले आणि आम्ही ऐकलं. "मुंबईला गेला तर गेलाच. शेतात दोघांचं काम न्हाई. कारखान्यात जाऊ दे. रातच्याला घरी तरी यील." आई म्हणाली, "सायकल लागंल की." आबांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. सायकलीचा विचार त्यांनी केला नव्हता. शेवटी आईची एक पुतळी गहाण पडली आणि जुनी सायकल आली. माझ्या आयुष्याची दिशा ठरली म्हणतात ती अशी. मला कुणी विचारलं नाही आणि मलाही काही सांगायचं नव्हतं. सोळा वर्षांच्या पोराला सायकल मिळत होती, तेवढं पुष्कळ होतं.

पहिला हंगाम मी हवेतच होतो. पहाटे चारला उठायचं, मफलर गुंडाळायची, कंदील सायकलच्या दांड्याला अडकवायचा आणि फडावर जायचं. टोळ्या बीडकडच्या. बाया-माणसं अंधारातच कोयते घेऊन उसात शिरलेली असायची. पोरं पाचटाच्या ढिगात झोपलेली. उजाडेपर्यंत दोन-चार गाड्या भरून उभ्या राहायच्या. टायरच्या बैलगाड्या, बैलांच्या नाकातनं वाफा. मी चिठ्ठ्या फाडायचो. माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा चांगली कामाची पोरं मोळ्या वाहायची आणि मला "सायेब" म्हणायची. बापाच्या वयाचे शेतकरी माझ्या सायकलीला हात लावून उभे राहायचे. "बाळ, आमची पाळी कवा?" कुणी गूळ द्यायचं, कुणी शेंगा. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला हे सगळं लवकर चढतं. मलाही चढलं.

पण एक गोष्ट त्या हंगामात अंगाला लागली ती कायमची. आमचे एक जुने क्लार्क होते. ते म्हणायचे, "कारखान्याचं रजिस्टर कारखान्याचं. तू तुझी एक खिशातली वही ठेव. जे डोळ्यांनी बघितलंस ते रोज लिही. पुढं भांडण लागलं तर तीच उपयोगी." मी वही ठेवली. कुठल्या फडात किती गाड्या, किती टन, कुठल्या जातीचा ऊस. तेव्हा ७४० चा जोर होता. लागणीची तारीख शेतकऱ्यानं तोंडी सांगितलेली काय आणि रजिस्टरात काय, तेसुद्धा. ती सवय आजतागायत सुटली नाही. आज ज्या लिहिण्यावरून लोक मला लेखक म्हणतात, ते त्या खिशातल्या वहीतनं आलेलं आहे. दुसरं शिक्षण माझं काही झालं नाही.

आता दुसऱ्या हंगामाचं सांगतो. हे मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

आमच्या मळ्याच्या पलीकडं एक नानी राहायची. नवरा वारलेला, एक पोरगा, तीस गुंठे जमीन. शेजारच्याच्या विहिरीचं पाणी घेऊन तिनं आडसाली लावली होती. १९७७ चा बेंदूर झाला आणि दुसऱ्या दिवशी तिनं लागण केली. मला पक्कं ठाऊक होतं, कारण कांड्या टाकायला माझी आईच गेली होती आणि बैलांच्या शिंगांचा रंग अजून निघाला नव्हता. तिचा ऊस १९७८ च्या हंगामात सुरुवातीला तुटायचा. गावात तिची तारीख सगळ्यात पुढची होती.

हंगाम सुरू व्हायच्या आधी आमच्या वरच्या माणसानं मला बोलावलं. गावातल्या एका वजनदार माणसाचा चार एकर ऊस होता, ऑक्टोबरातली लागण. त्यांच्या घरात कार्य निघालं होतं. पैसा लवकर पाहिजे होता आणि रान मोकळं करून गहू टाकायचा होता. वरचा माणूस रजिस्टर माझ्यापुढं सरकवून म्हणाला, "हे पान खराब झालंय. नवं लिही. ह्येंची तारीख जुलै धर. आणि हिची," म्हणून त्यानं नानीच्या नावावर बोट ठेवलं, "सप्टेंबर." मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "पुढच्या हंगामाला कायमची पोरं घ्यायची हाईत. तुझं अक्षर चांगलं हाय."

मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं. हात थरथरला वगैरे काही नाही. घरी आल्यावर माझ्या वहीत तेवढी खरी तारीख टिपून ठेवली, जणू तेवढ्यानं फिट्टंफाट झाली.

डिसेंबरात नानीच्या उसाला तुरा आला. तुरा आला की उसाची वाढ थांबते. मग तो महिना-दोन महिन्यांत तुटला पाहिजे, नाहीतर आतनं पोकळ पडतो, वजन घटतं. नानी रोज सकाळी बांधावर येऊन उभी राहायची. "बाळ, माझी पाळी?" मी म्हणायचो, "यायची हाय नानी अजून. तारखंपरमाणं चाललंय." "तारखंपरमाणं व्हय," म्हणायची आणि परत जायची. त्यापुढं ती कधी काही बोलली नाही. तिच्या बांधापलीकडनं त्या चार एकरांच्या गाड्या जायच्या आणि त्यांच्या चिठ्ठ्या मीच फाडायचो.

नानीचा ऊस तुटला एप्रिलच्या शेवटी. उन्हानं टोळी कंटाळलेली, निम्मी माणसं गावाकडं परतलेली. राहिलेल्यांनी खुशाली मागितली, ती तिनं कोंबड्या विकून दिली. मला पस्तीस टन धरायला हरकत वाटत नव्हती. काट्यावर भरले बावीस. उन्हाळ्यात तोडल्यामुळं खोडवा फुटला नाही तो वेगळाच. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिचा पोरगा शाळेत आला नाही. सातवी पास होऊन आठवीत जायचा होता. तो वडाराच्या टोळीबरोबर विहिरीच्या कामावर गेला.

त्याच पावसाळ्यात आबा गोठ्याजवळ घसरले आणि खुबा मोडला. मिरजेला नेलं, महिनाभर तिथंच. परत आले ते काठी घेऊन. बैल धरणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. दिवाळीच्या आधी कारखान्याकडनं निरोप आला की ये, कायम करायचं आहे. मी गेलो नाही. माझ्या जागी बाकावरचा जोडीदार गेला.

गावात गोष्ट अशी फिरली की चिटबॉयनं नोकरीला लाथ मारली. का, तर तिथला कारभार त्याला सोसला नाही. कुणीतरी म्हटलं, मग सगळ्यांनी म्हटलं. दोन-तीन सभांत माझी ओळख तशी करून दिली गेली. मी मान खाली घालून ऐकलं. माणसाच्या मानेवरून तो नम्र आहे की खोटा, हे लोकांना कळत नाही. खरं एवढंच आहे की आबांचा खुबा शाबूत राहिला असता तर मी त्या दिवाळीत सायकल पुसून कारखान्यावर हजर झालो असतो आणि पुढं सांगतील त्या तारखा लिहिल्या असत्या.

मुंबईला न गेल्याचं मात्र बरं झालं असं घरात सगळे म्हणायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मामा वर्षभर वाट बघत लालबागला राहिला, मग एक ट्रंक आणि मामीला घेऊन गावी आला. पुढं जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबला. मी गेलो असतो तर पाच-सहा वर्षांत त्याच ट्रंकेच्या मागनं परत आलो असतो. जोडीदार कारखान्यात कायम झाला, क्लार्क झाला, कॉलनीत खोली मिळाली, पोरं शिकली. निवृत्त झाला तेव्हा कारखान्याची चाकं अडकलेली. कित्येक महिन्यांचे पगार थकलेले, ग्रॅच्युइटीसाठी अजून खेटे घालतोय. भेटला की म्हणतो, "तू शाना निघालास." मी म्हणतो, "तुझी पोरं पुण्यात हाईत, माझं पोरगं कर्जात हाय." मग दोघं चहा पितो. कुणाची वाट बरोबर निघाली याचा हिशेब आम्ही सोडून दिला आहे.

पण पहिल्या कामाचा वळ अंगावर राहतो, हे मी माझ्यावरून सांगतो. शेती करताना मी रोजची नोंद ठेवली. लागण, खत, पाण्याची पाळी, टनेज. १९८० नंतर नदीवरच्या उपसा योजना वाढल्या, पाणी आलं आणि सगळ्यांनी पाटच्या पाट मोकळे सोडले. आम्हीही सोडले. पहिली काही वर्षं उसानं डोळे दिपवले. मग माझ्या वहीत आकडा उतरायला लागला. एकरी पंचावन्न टन, मग अठ्ठेचाळीस, मग एकेचाळीस, मग तेहतीस. दरवर्षी थोडं थोडं उतरत गेलं की माणसाला कळत नाही. तो पावसाला बोल लावतो, खताला लावतो. वहीत चार वर्षं एकाखाली एक दिसली तेव्हा मला घाम फुटला. सखल कोपऱ्यात मातीवर पांढरा थर दिसायला लागला होता. रान मीठफुटीला लागलं होतं. मी त्या वर्षी ऊस मोडला, कडेनं खोल चर काढले, दोन वर्षं ताग आणि धैंचा गाडला, पाणी निम्म्यावर आणलं. लोकांनी वेड्यात काढलं. आमच्या काठावर शेकडो एकर रान क्षारपड होऊन बाभळीला गेलं. माझी दीड एकर वाचली. ती त्या जुन्या क्लार्कच्या वहीनं वाचवली. म्हणजे नोकरी दोन वर्षांची, पण तिनं पिकवलं चाळीस वर्षं. आणि त्याच नोकरीत एका बाईचा ऊस वाळला, तोही माझ्याच अक्षरात. दोन्ही एकाच पेनानं झालेलं आहे.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आला तेव्हा गाव उठवलं. आम्हाला उंचावरच्या गावातल्या शाळेत ठेवलं. माणसं नावेत बसताना कोण भांडी घेत होतं, कोण कोंबड्या. मी वह्यांची पत्र्याची पेटी घेतली. बायको शिव्या देत होती. पेटी उचलायला जो माणूस धावला तो नानीचा पोरगा. आता पोरगा कसला, पन्नाशी ओलांडलेला गडी. विहिरी काढता काढता एक बोट गेलेलं. माझ्या रानात तो कैक वर्षं रोजानं आला आहे. नानी १९९४ सालीच गेली.

रात्री शाळेच्या वर्गात सगळे आडवे झाले. बाहेर पाऊस, दिवे नाहीत. तो माझ्याजवळ भिंतीला टेकून बसला होता. पेटीवर हात आपटून म्हणाला, "दादा, एवढं वज्जं कशाचं वो ह्यात? सोनं हाय काय?"

मी पेटी उघडली. बॅटरीच्या उजेडात १९७८ ची वही काढली. पान मला शोधावं लागलं नाही. त्याला वाचता येत होतं, सातवी झालेला होता, पण मीच वाचून दाखवलं. नानीचं नाव, तीस गुंठे, लागण बेंदराच्या दुसऱ्या दिवशी. त्याखाली, रजिस्टरात सप्टेंबर धरली. मग सगळं सांगितलं. कुणी सांगितलं, का लिहिलं, कायम व्हायची आशा कशी होती. आवाज बारीक ठेवला होता, तरी शेजारी निजलेल्या माणसांची कुस बदलल्याचं ऐकू आलं.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला ठावं हाय."

"कधीपासनं?"

"तवापासनंच. आईला पण ठावं हुतं. तिला वाचाय येत नव्हतं, बेंदूर तर कळत हुता न्हवं? तुमच्या आईनंच कांड्या टाकल्या, तुमाला तारीख ठावं न्हाई असं व्हतंय व्हय?"

"मग बोलली का न्हाई नानी?"

"मी बोलणार हुतो. फडात येऊन तुमची सायकल फोडणार हुतो. आईनं धरून ठिवलं. म्हनली, त्येचं पोट हाय त्ये. त्येच्या बाच्या अडीच एकरात काय हुतंय."

मला काही बोलता आलं नाही. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "मंग माज्या आठवीचं बी लिवलंय काय वहीत?"

नव्हतं लिहिलं. कुठल्या फडात किती टन पडलं ते सगळं होतं. एक पोरगं शाळेत आलं नाही, ते नव्हतं. तो म्हणाला, "लिवा." मी त्याच रात्री, बॅटरीच्या उजेडात, त्या जुन्या पानाच्या समासात ते लिहिलं. तारीख घातली ती २०१९ ची. मागची तारीख घालायचं मन झालं नाही.

पूर ओसरल्यावर त्याचं घर पडलेलं होतं, माझा ऊस कुजलेला होता. दोघंही कामाला लागलो. त्या रात्रीवर आम्ही पुन्हा बोललो नाही. तो माझ्याशी पहिल्यासारखाच वागतो. मी मात्र पहिल्यासारखा राहिलेलो नाही. त्याला माफी म्हणावं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कदाचित ती नानीची देणगी होती आणि मी ती उशिरा घेतली.

आता उसाची नोंद मोबाईलवर होते. त्याच्याकडं नानीचेच तीस गुंठे आहेत, ८६०३२ लावतो. लागण झाली की चिटबॉय नवं पोरगं येतं, रानात उभं राहून फोटो काढतं, बोटानं दाबतं आणि जातं. संध्याकाळी तो मोबाईल घेऊन माझ्या ओट्यावर येतो. चष्मा त्यालाही आहे, वाचता त्यालाही येतं. तरी मोबाईल माझ्याकडं देतो आणि म्हणतो, "चिटबॉय, तारीख बघा बरं."

मी चष्मा पुसतो आणि तारीख मोठ्यानं वाचतो. मग पुन्हा एकदा वाचतो. तो बोटांवर मोजतो, बेंदराला किती दिवस झाले होते ते. जुळलं की मान हलवतो, तंबाखू काढतो आणि अर्धी मला देतो.